खाणीच्या कडेला आमच्यासारखे एक घर बांधा

प्रति,
केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था (धनबाद व नागपूर केंद्र), राष्ट्रीय शिला यांत्रिकी संस्था आणि खाण अभियांत्रिकीच्या निरनिराळ्या विभागांत स्फोटनावर संशोधन करणारे शास्त्रज्ञ व प्राध्यापक यांस,

सादर नमस्कार.

मी वर्धा खोऱ्यातल्या खुल्या कोळसा खाणींत २७ वर्षे शॉटफायरर म्हणून काम केले. दगडात पाडलेल्या होलांत स्फोटक भरणे, ते पेटवणाऱ्या नळ्या जोडणे, भोंगा वाजवून आणि लाल झेंडे लावून ५०० मीटरच्या आतले माणूस-जनावर बाहेर काढणे आणि शेवटी स्फोट करणे हा माझा रोजचा उद्योग होता. निवृत्तीनंतर मी गावी राहतो आणि ते गाव खाणीच्या काठापासून सव्वा किलोमीटरवर आहे. पूर्वी स्फोट झाला की मी दगड नीट फुटला का, एखादा होल न उडता बसून तर राहिला नाही ना, हे पाहायला बेंचवर, म्हणजे खाणीच्या पायरीवर, जात असे. आता स्फोट झाला की घराच्या दक्षिणेच्या भिंतीपाशी जाऊन उभा राहतो. या दोन्ही ठिकाणी उभे राहून जे दिसले त्याच्या आधारावर मला आपल्याकडे एक प्रयोग मागायचा आहे.

प्रसंग दर उन्हाळ्यात ठरलेला असतो. ग्रामसभेत कोणीतरी भिंतीला गेलेल्या तड्याचे मोबाइलवरचे फोटो दाखवतो आणि म्हणतो की ब्लास्टिंगने घर फाटले. खाणीकडून आलेला अधिकारी म्हणतो की हा तडा काळ्या जमिनीचा आहे, खाण नसलेल्या गावातही असे तडे पडतात. गावकऱ्याला वाटते की अधिकारी खोटे बोलतो, अधिकाऱ्याला वाटते की गावकऱ्याला नुकसानभरपाई हवी आहे, आणि माझी अडचण अशी की मला दोघांचेही म्हणणे पटते. कारण दोघेही अंदाजाने बोलत असतात आणि दोन्ही अंदाज शक्य कोटीतले आहेत.

आपल्याला ठाऊक असलेली गोष्ट मी या पत्राच्या इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. स्फोटाचा हादरा जमिनीतून किती जोराने जातो हे मातीच्या कणाच्या कमाल वेगाने मोजतात, म्हणजे जमीन जागच्या जागी हलताना तिचा कण सेकंदाला किती मिलिमीटर वेगाने हलला ते पाहतात. खाण सुरक्षा महासंचालनालयाने २९ ऑगस्ट १९९७ च्या परिपत्रकात या वेगाच्या मर्यादा घालून दिल्या. गावातल्या राहत्या घरांसाठी, मग ती कच्ची असोत की विटा-सिमेंटची, कंपनाची वारंवारता ८ हर्ट्झपेक्षा, म्हणजे सेकंदाला ८ हेलकाव्यांपेक्षा, कमी असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ हर्ट्झ असेल तर १० आणि त्याहून जास्त असेल तर १५ मिलिमीटर. ऐतिहासिक आणि नाजूक वास्तूंसाठी हेच आकडे २, ५ आणि १० असे आहेत. चंद्रपूरचा गोंडकालीन परकोट किंवा भद्रावतीची विजासन लेणी डोळ्यांसमोर आणली तर या वेगळ्या ओळीची गरज आमच्या भागात कोणाला समजावून सांगावी लागत नाही.

परिपत्रकातल्या याच तक्त्याचा दुसरा भाग मात्र मला कधी पचला नाही. घर खाणमालकाच्या मालकीचे आणि थोड्याच वर्षांसाठी उभे राहणारे असेल तर मर्यादा १०, १५ आणि २५ होते. मालकाने स्वतःच्या घराची जोखीम स्वतः घ्यावी आणि घर लवकरच पाडायचे असल्याने थोडा तडा चालेल, हा त्यामागचा विचार समजण्यासारखा आहे. पण भूसंपादन झालेल्या गावाचे काय? सातबारा कंपनीच्या नावावर झाला आहे, पुनर्वसनाच्या जागेवर नळ आलेला नाही, म्हणून माणसे त्याच घरात राहतात, त्याच घरात म्हातारी झोपते. अशा घराला तक्त्याची कोणती ओळ लावायची? भिंतीला मालक बदललेला कळत नाही.

आता संशोधनाकडे येतो, कारण या विषयात काहीच झालेले नाही असे म्हणणे आपल्यावर अन्याय होईल. अमेरिकेच्या खाण ब्युरोने १९८० मध्ये जो अहवाल प्रसिद्ध केला त्यासाठी ७६ घरांत २१९ स्फोटांची मोजणी झाली होती आणि जगभरचे नियम पुढे त्याच्याच आधाराने घडले. धनबादच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आपल्या मातीशी अधिक जवळचा आहे. त्यांनी दोन खाणींवर चाचणीसाठी घरे उभी केली, ३४१ स्फोटांतून १,८७१ कंपनांच्या नोंदी घेतल्या आणि विटा, माती, सिमेंट वापरून बांधलेल्या आपल्याकडच्या पद्धतीच्या घराच्या भिंतीवर पहिले बारीक, वरवरचे तडे सेकंदाला ५१.६ ते ५६.३ मिलिमीटर वेगाला दिसले. म्हणजे कमी वारंवारतेसाठी आमच्या गावाला लागू असलेली मर्यादा त्याच्या दहाव्या हिश्शाइतकी आहे. हा आकडा मी ग्रामसभेत सांगितला तेव्हा लोक माझ्याकडे ज्या नजरेने पाहू लागले ती मी विसरलेलो नाही. खाणीने मला पेन्शनबरोबर अजून काहीतरी दिले असावे, असा तिचा अर्थ होता.

तरीही मी त्या अभ्यासावर विश्वास ठेवतो. माझी शंका वेगळी आहे. चाचणीचे घर स्फोटासाठी नवे बांधलेले असते. त्याला पहिला तडा कोणत्या वेगाला जातो हे त्यातून कळते. आमची घरे चाळीस-पन्नास पावसाळे खाल्लेली आहेत. मातीच्या गाऱ्यात विटा रचलेल्या, पाया दोन-तीन फुटांचा, जोत्यात मुरमाची भर, वर कौले किंवा पत्रा, आणि खाली रेगूर, म्हणजे काळी माती. ही माती ज्या मॉन्टमोरिलोनाइट नावाच्या चिकणमातीमुळे कसदार असते तीच पाणी पिऊन फुगते आणि वाळून आकसते. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, जुलैत त्या मिटतात. घराच्या पायाखालची माती बाहेरच्या कडेने जास्त सुकते आणि मधल्या भागात ओल राहते, म्हणून भिंतीचा कोपरा खाली बसतो आणि पावसाळ्यात पुन्हा उचलला जातो. हे वर्षानुवर्षे चालते. अशा भिंतीत आधीपासून ताण भरलेला असतो. बाहेरचा आणखी किती धक्का तिला पुरेसा आहे, हा प्रश्न नव्या भिंतीवरच्या प्रयोगाने सुटत नाही.

त्याच अमेरिकी ब्युरोचा १९८४ चा एक प्रयोग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. एका खुल्या कोळसा खाणीजवळ त्यांनी लाकडी सांगाड्याचे एक घर बांधले आणि दोन वर्षे ५८७ स्फोट त्याच्या अंगावर घेतले. त्यानंतर यंत्राने ते घर हलवत ठेवले. पहिला तडा ५६,००० हेलकाव्यांनंतर दिसला, म्हणजे सेकंदाला सुमारे १२.७ मिलिमीटर वेगाचे दोन स्फोट रोज झाले तर २८ वर्षे लागतील एवढे ते हलवावे लागले. पण त्या अभ्यासातली मला सर्वांत रोचक वाटलेली गोष्ट स्फोटांची नव्हती. हवेतली उष्णता आणि ओलावा बदलल्याने भिंतीत जो ताण पडला तो सेकंदाला ७६ मिलिमीटरपर्यंतच्या कंपनाइतका भरला, आणि घरात माणसांच्या वावराने पडलेला ताण ३० मिलिमीटरपर्यंतच्या कंपनाइतका होता. लाकडी घराला हवामान एवढे ताणत असेल तर रेगुरावरच्या मातीच्या गाऱ्यातल्या भिंतीला एक विदर्भी उन्हाळा किती ताणत असेल? आणि उन्हाळ्याने आधीच टोकाला नेलेल्या भिंतीला ५ मिलिमीटरही जड जातात का? माझा कल ‘नाही’ या उत्तराकडे आहे, पण माझ्या कलाने ग्रामसभा भागत नाही.

माझ्या घरी मी माझ्या परीने एक प्रयोग केला आहे, तो सांगतो. दक्षिणेच्या भिंतीवर दोन तडे आहेत. एक उभा, कोपऱ्यालगतचा. दुसरा खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरपा उतरलेला. दोन्ही तड्यांच्या टोकाला मी पेन्सिलीने रेघ मारून तारीख लिहिली आणि मधोमध काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवली. उभ्या तड्यावरची पट्टी एप्रिलच्या शेवटी मोडली, ऑगस्टमध्ये तडा जवळजवळ मिटला, पुढच्या मे महिन्यात नवी पट्टी पुन्हा मोडली. हा तडा काळ्या मातीचा, यात मला शंका नाही, आणि तसे मी गावात उघडपणे सांगितलेही आहे. तिरप्या तड्याचे वागणे वेगळे आहे. तो पावसाळ्यात मिटत नाही. तीन वर्षांत तो पेन्सिलीच्या पहिल्या रेघेपुढे साधारण चार बोटे गेला आहे. स्फोटाच्या क्षणी तो हलताना मी पाहिलेला नाही. पुष्कळदा भिंतीला हात लावून उभा राहिलो, हाताला थरथर जाणवली, काच मात्र मोडली नाही. खिडकीचा लाकडी लिंटल सडला असेल, पाया एका बाजूला कायमचा बसला असेल, किंवा स्फोट असतील. मला सांगता येत नाही. माझ्याकडे पेन्सिल आणि काच आहे. आपल्याकडे यंत्रे आहेत.

यंत्रांचा विषय निघाला म्हणून एक कबुली देतो. नोकरीत असताना आमच्या खाणीवर कंपनांच्या मोजणीसाठी एक पथक आले होते. खाणीचे नाव आणि पथकाचे नाव इथे सांगण्यात अर्थ नाही. आदल्या दिवशी वरून निरोप आला की उद्याचा राऊंड लहान ठेवा. एरवी ओबीच्या, म्हणजे कोळशावरच्या माती-दगडाच्या, बेंचवर आम्ही एका राऊंडमध्ये साठ-सत्तर होल उडवत असू. त्या दिवशी मी अठरा होल भरले, प्रत्येकात स्फोटकही हात राखून टाकले आणि वर स्टेमिंग, म्हणजे होलाचे तोंड बुजवणारी भर, अर्ध्या मीटरने वाढवले. गावातल्या शाळेच्या अंगणात यंत्र ठेवले होते. आकडा मर्यादेच्या खूप खाली आला, अहवाल तसा लिहिला गेला, आणि त्यात एकही आकडा खोटा नव्हता. पथकाला काही माहीत नव्हते. मला होते, आणि मी गप्प राहिलो. आज त्या शाळेवरून जाताना मला ते अंगण आठवते. म्हणून माझी पहिली विनंती अशी की मोजणीचा दिवस खाणीला कळवू नये. त्याहून बरे म्हणजे यंत्र गावात बारा महिने बसवलेले असावे, जमिनीत नीट गाडलेले, ओट्यावर किंवा फरशीवर सुटे ठेवलेले नव्हे, आणि त्याचा रोजचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर खडूने लिहिला जावा.

दुसरी गोष्ट वेळेच्या हिशोबाची. एका क्षणी जितके किलो स्फोटक उडते त्यावर हादरा अवलंबून असतो, म्हणून आम्ही राऊंडमधले होल काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतो, आणि दोन होलांमध्ये ८ मिलिसेकंदांचे अंतर असले की ते वेगळे मोजावेत हा जुना रिवाज आहे. कागदावर तो सोपा आहे. बेंचवर असे होते: प्रत्येक होलाच्या तळाशी ४५० मिलिसेकंद थांबून स्फोटक उडवणारा नळीवरचा डेटोनेटर, आणि वर होलापासून होलापर्यंत १७ मिलिसेकंदांचा जोड. डेटोनेटरच्या आतली विलंबाची दारू जळून वेळ साधते आणि ती घड्याळासारखी जळत नाही. दोन टक्के चूक धरली तरी ४५० चे ४५९ किंवा ४४१ होतात. एक होल नऊ मिलिसेकंद उशिरा आणि शेजारचा नऊ मिलिसेकंद लवकर उडाला की १७ चे अंतर संपले, आणि कागदावर वेगळे असलेले दोन होल जमिनीत एकत्र उडाले. इलेक्ट्रॉनिक डेटोनेटरमध्ये ही चूक एका मिलिसेकंदाच्या आत राहते. देशात १ एप्रिल २०२५ पासून विजेवर पेटणाऱ्या जुन्या डेटोनेटरांवर बंदी आली, तो निर्णय मुख्यतः सुरक्षिततेचा आणि गैरवापर रोखण्याचा होता. पण गाव जवळ असलेल्या बेंचवर इलेक्ट्रॉनिकच वापरावा असे सांगण्यासाठी कंपनांच्या बाजूनेही आधार आहे.

मात्र ८ मिलिसेकंदांच्या रिवाजाकडेच पुन्हा पाहावे, असे मला वाटते. कोळसा खाणीत होल मोठे असतात आणि वर जाड मातीचा थर असतो; त्यामुळे गावापर्यंत येणारा हादरा सावकाश, लांब लाटांचा असतो. कंपन ५ हर्ट्झचे असेल तर एका लाटेला २०० मिलिसेकंद लागतात. अशा लाटेसाठी ८ मिलिसेकंदांनी वेगळे उडालेले दोन होल वेगळे कसे? सव्वा किलोमीटरवर पोहोचेपर्यंत त्या दोघांच्या लाटा एकमेकींवर चढलेल्या असतात. आणि एक-दोन मजली घरांची स्वतःची हलण्याची वारंवारता साधारण ४ ते १२ हर्ट्झच्या दरम्यान असते, म्हणजे नेमक्या याच लाटा घराला जास्त झुलवतात. १९९७ च्या तक्त्यात ८ हर्ट्झखालची मर्यादा सर्वांत कडक आहे ती याच कारणाने. म्हणून केवळ वेग छापलेला आणि वारंवारता गाळलेला अहवाल माझ्या लेखी अर्धाच अहवाल असतो.

आवाजाचाही एक मुद्दा आहे. माणसाला जमिनीचा हादरा सेकंदाला १ मिलिमीटरच्या आसपास असला तरी जाणवतो, म्हणजे नुकसानीच्या कितीतरी आधी. त्यात हवेतून येणारा दाब वेगळा. खिडकीची तावदाने आणि मांडणीवरची भांडी बहुधा त्याने वाजतात. हिवाळ्यात हवा खाली दबलेली असताना तो आणखी दूरवर ऐकू येतो. घरातल्या बाईला भांडी वाजली की घर हलले असे वाटणारच. जमिनीच्या यंत्राशेजारी हवेचा दाब मोजणारा मायक्रोफोन ठेवला आणि दोन्ही नोंदी गावासमोर मांडल्या, तर निम्मा गैरसमज पहिल्या महिन्यात संपेल.

आता मागणीचा प्रयोग. वर्धा खोऱ्यात, रेगुरावर, आमच्या पद्धतीची दोन सारखी घरे बांधावीत: तोच गवंडी, त्याच भट्टीच्या विटा, तोच मातीचा गारा, तेवढाच उथळ पाया, खिडक्या-दारे त्याच जागी. एक घर चालू खाणीपासून गावाइतक्याच अंतरावर आणि दुसरे तशाच जमिनीवर, पण जिथे कोणत्याही खाणीचा हादरा पोहोचत नाही अशा जागी. शक्य असेल तर दोन्ही ठिकाणी एकेक जुने, सोडून दिलेले घरही निवडावे, कारण खरा प्रश्न जुन्या भिंतीचा आहे. चारही घरांत तडे मोजणाऱ्या पट्ट्या, पायाखालच्या मातीतला ओलावा मोजणारी साधने, कंपनमापक आणि तापमानाची नोंद असावी, आणि हे किमान तीन पावसाळे चालावे. एका वर्षात रेगूर आपले पूर्ण रूप दाखवत नाही. एखादे साल पाऊस लांबतो, एखादे साल जूनमध्येच धो-धो कोसळतो. दोन्ही ठिकाणच्या तड्यांची वाढ सारखी निघाली तर खाणीवरचा आरोप गावाने मागे घ्यावा. खाणीजवळची वाढ जास्त निघाली तर किती वेगाला, किती वारंवारतेला आणि कोणत्या महिन्यात जास्त निघाली हे कळेल, आणि मग कदाचित एप्रिल-मे महिन्यांत राऊंड लहान ठेवणे एवढ्यावरही भागेल.

खर्च होईल हे मला कळते. पण घरे साधी आहेत, आणि नागपूर आपल्याला लांब नाही. स्फोटकांचे परवाने देणारी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना नागपुरात आहे, कोळसा काढणाऱ्या सरकारी कंपनीचे मुख्यालय नागपुरात आहे, स्फोटकांचे मोठे कारखाने त्याच परिसरात आहेत, आपले संशोधन केंद्र आणि खाण अभियांत्रिकी शिकवणारे महाविद्यालयही तिथेच आहे. चंद्रपूर तिथून दीडशे किलोमीटर. स्फोटक बनवणारा, परवाना देणारा, वापरणारा, अभ्यासणारा आणि हादरा सोसणारा असे सगळे एका दिवसाच्या प्रवासात भेटतील अशी जागा देशात दुसरी शोधावी लागेल.

खाणीजवळच्या घरासाठी मी माझी गावाबाहेरची तीन गुंठे जमीन तीन वर्षांकरिता विनाभाडे द्यायला तयार आहे. ती शुद्ध रेगूर आहे. मुरूम लागायला सहा फूट खणावे लागते. दक्षिणेच्या भिंतीच्या नोंदींची वही, त्यात दुपारच्या प्रत्येक स्फोटाची वेळ आणि काचेच्या पट्ट्या मोडल्याच्या तारखा आहेत, तीही देईन. मात्र जमीन पाहायला यायचे असेल तर मे संपण्यापूर्वी या. पाऊस एकदा पडला की भेगा मिटतात आणि दाखवण्यासारखे काही उरत नाही.

आपला नम्र,
वर्धा खोऱ्यातील एक निवृत्त शॉटफायरर